खात्यापित्या घरचा

मराठी भाषा ही पहिल्यापासून लठ्ठ माणसांच्या बाजूची आहे. हे विधान मी एखाद्या चर्चासत्रात करणार नाही, कारण तेथे पुरावा मागतात. पण दिवाळी अंकात, वाचकांच्या हाती चकली असताना, करावयास हरकत नाही. एखादा मनुष्य सहा महिन्यांनी भेटला आणि त्याच्या सदऱ्याच्या गुंड्या काजांशी भांडत असल्या, तर आपण काय म्हणतो? 'वा! तब्येत सुधारली हं!' उलट तोच मनुष्य चार किलोंनी उतरला असला, तर आपण आवाज खाली आणून विचारतो, 'काय हो, बरं आहे ना सगळं?' म्हणजे सुधारणेची दिशा आपण एकदा ठरवूनच टाकलेली आहे. भरलेल्या अंगाचा मुलगा 'खात्यापित्या घरचा' दिसतो. लग्न ठरते ते साखरपुड्याने. चांगली बातमी आणणाऱ्याच्या तोंडात साखर पडते, आणि ती ऐकणाऱ्याचे तोंड गोड करावे लागते. गेली वीस वर्षे मी हीच भाषा शिकवून पोट भरतो आहे. ते प्रमाणाबाहेर भरले, यात माझा एकट्याचा दोष नाही, एवढेच सांगावयाचे आहे.

ते किती भरले, हे मला 2021च्या दिवाळीनंतर कळले. त्याआधीचे दीड वर्ष मी घरातल्या एका खुर्चीत बसून, संगणकाच्या पडद्यावरील काळ्या चौकोनांना मराठी वाङ्मयाचा इतिहास शिकविला होता. वर्ग पुन्हा सुरू झाले तेव्हा एकही विजार कमरेला बसेना. दुसऱ्या मजल्यावरील वर्गात पोचल्यावर पहिली पाच मिनिटे मी हजेरी अतिशय संथपणे घेऊ लागलो. रात्री तहान लागे, तीन-तीनदा उठावे लागे. शेवटी हिच्या आग्रहावरून रक्त तपासले. उपाशीपोटीची साखर 168, आणि तीन महिन्यांची सरासरी सांगणारे ते 'एचबीए-वन-सी' नावाचे प्रकरण 8.4. वजन 89 किलो. कमरेभोवती फीत लावली ती 104 सेंटिमीटरला थांबली. आपल्याकडच्या पुरुषाने 90च्या आत राहावे, असे डॉक्टरीणबाईंनी सांगितले.

मग त्यांनी एक विचित्र प्रश्न विचारला. "सर, घरी स्वयंपाक कोण करतं?"

मी म्हणालो, "बाई, आजारी मी आहे."

"हो, पण पथ्य घराचं असतं. पुढच्या वेळी त्यांना बरोबर घेऊन या. आणि रोज चालायला तुमच्यासोबत कोण येणार, तेही ठरवून या."

मला तो अपमान वाटला. पाचवीतल्या मुलाला 'उद्या पालकांना घेऊन ये' असे सांगावे, तसा. मी एम. ए. झालेला, चाळिशी उलटलेला गृहस्थ. माझ्या जिभेवर माझी सत्ता नाही काय? नव्हती, हे आता मान्य करतो. तेव्हा मान्य नव्हते.

घरात बातमी पोचली आणि सर्वप्रथम प्रेमाचा पूर आला. आमच्या इमारतीत चोवीस बिऱ्हाडे आहेत आणि मधुमेहावरील औषधे निदान तीस. तळमजल्यावरून कारल्याचा रस आला, दुसऱ्या मजल्यावरून जांभळाच्या बियांची पूड आली. कोणी मेथ्या भिजत घालावयास सांगितल्या. कोणी विजयसाराच्या लाकडाचा पेला आणून दिला. त्यात रात्री पाणी ठेवले की सकाळी त्याला चहाचा रंग येतो, आणि रोगी चहाच्या आठवणीने व्याकुळ होतो. शिवाय प्रत्येकाने खालच्या आवाजात सांगितले की, साखर वाईट, गूळ चालतो. मी आनंदाने गुळाचा चहा सुरू केला. आपल्या शरीराला गूळ आणि साखर यांतला सांस्कृतिक फरक कळत नाही, हे मला डॉक्टरीणबाईंकडून बऱ्याच उशिरा समजले. तीच गोष्ट मधाची आणि तीच एकादशीच्या साबुदाण्याची. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. आमच्या घरी मात्र ते 'काही न खाणे' समजले जात होते. आई ऐंशीच्या पुढची. तिचे मत असे की, घरच्या तुपातल्या लाडवाने आजवर कोणाचे वाईट झालेले नाही.

पूर ओसरल्यावर पोलिसांचे राज्य आले. हिने डबे वरच्या फळीवर नेले. चिरंजीव तेव्हा अकरा वर्षांचे, त्यांची गुप्तहेर म्हणून नेमणूक झाली. लग्नाच्या पंगतीत मी वाटीकडे हात नेला की समोरून आवाज येई, "आई, बाबांनी दुसऱ्यांदा बासुंदी घेतली!" वाढपीसुद्धा थबकत असे. कन्या कॉलेजात जाणारी; ती बोलत नसे, नुसती पाहत असे. ते अधिक वाईट. 'तुमच्या भल्यासाठीच सांगते' या वाक्याने सुरू होणारे संभाषण कोणाच्याही भल्याने संपलेले मी पाहिलेले नाही.

याचा परिणाम व्हावयाचा तोच झाला. मी चोरून खाऊ लागलो. कॉलेजच्या उपाहारगृहात बटाटेवडा, स्टाफरूममध्ये कोणाच्या बढतीचे, कोणाच्या नातवाचे पेढे, आणि ठाणे स्टेशनाबाहेर, घरी जाण्यापूर्वी, उभ्या उभ्या एक जिलबी. चोरून खाल्लेला पेढा दुप्पट गोड लागतो, आणि घाईत खाल्ल्यामुळे एकाऐवजी दोन जातात. घरी येऊन मी निष्पाप चेहऱ्याने दुधीची भाजी खाई. "भूक नाही वाटतं?" असे हिने विचारले की म्हणे, "हल्ली आहारच कमी झालाय."

तपासणीच्या आधी मी दोन दिवस कडक उपास केला. उपाशीपोटीची साखर 118 आली. मी विजयी मुद्रेने कागद पुढे केला. बाईंनी तो बाजूला ठेवून दुसरा उचलला. त्यावर 8.6 होते. आपल्या रक्तातल्या तांबड्या पेशी सुमारे 120 दिवस जगतात, आणि तेवढ्या दिवसांत रक्तात जी साखर फिरली तिचा हिशेब त्यांना चिकटून राहतो. म्हणजे हा चित्रगुप्तच. त्याला दोन दिवसांच्या उपासाने फसविता येत नाही. बाई म्हणाल्या, "सर, तुम्ही परीक्षेच्या आदल्या रात्री अभ्यास केलात." हे वाक्य मी इतक्या विद्यार्थ्यांना ऐकविले आहे की, ते माझ्याकडेच परत आलेले पाहून मला राग यावयासही जागा उरली नाही.

येथे थोडे विषयांतर करतो. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात फ्रेमिंगहॅम नावाचे एक गाव आहे. तेथील माणसांच्या प्रकृतीच्या नोंदी डॉक्टर मंडळी 1948पासून ठेवीत आहेत. क्रिस्टाकिस आणि फाउलर या दोघांनी त्यातल्या बारा हजारांवर माणसांची बत्तीस वर्षांची माहिती घेऊन, कोण कोणाचा मित्र, कोण कोणाचा भाऊ, कोण कोणाची बायको याचे जाळे मांडले आणि 2007 साली प्रसिद्ध केले. त्यांना आढळले ते असे: एखाद्याचा मित्र लठ्ठ झाला, तर तो स्वतः लठ्ठ होण्याची शक्यता 57 टक्क्यांनी वाढते. भावंडाच्या बाबतीत हा आकडा 40 आणि नवराबायकोत 37. आता मित्रामुळे मनुष्य फुगतो, की फुगणारी माणसेच एकमेकांना शोधून मित्र होतात, यावर विद्वानांत पुढे पुष्कळ वाद झाला. तो त्यांनी घालावा. आमच्या स्टाफरूमला तो मुळीच नवा नाही. तेथे बारा जण बसतात, प्रत्येकाचा एक वाढदिवस, आणि वाढदिवसाला समोसा व पेढा न आणणारा मनुष्य चिक्कू ठरतो. 'मी घेत नाही' असे म्हणणारा चिक्कूच्याही खालचा. 'एकाने काय होतंय, सर?' हे वाक्य आपल्याकडे आदरातिथ्य म्हणून उच्चारले जाते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीचे आकडे 2023 साली आले, त्यांत देशातले मधुमेही दहा कोटींच्या वर निघाले. त्यांतल्या किती जणांनी हे वाक्य ऐकून दुसरा पेढा उचलला असेल, याची मोजदाद कोणी केलेली नाही.

असो. मला सांगावयाचे आहे ते दादाविषयी.

माझा थोरला भाऊ सांगलीला असतो. माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठा. बँकेतून निवृत्त झालेला. आमच्या घरात लठ्ठ मी, दादा काटकुळा. म्हणून त्याला पंचेचाळिसाव्या वर्षी मधुमेह निघाला, तेव्हा कोणाचा विश्वासच बसला नव्हता. 'हा कसला मधुमेही, याच्या अंगावर आहे काय?' असे आमचे मामा म्हणाले होते. या प्रश्नाचे उत्तर पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. याज्ञिक यांनी लंडनच्या डॉ. युडकिन यांच्याबरोबर 2004 साली 'लॅन्सेट'मध्ये फार गमतीने दिले आहे. दोघांचे छायाचित्र शेजारी शेजारी. उंची आणि वजन यांच्या हिशेबाचा जो निर्देशांक असतो तो दोघांचाही 22.3, अगदी सारखा. पण शरीरातली चरबी मोजली तेव्हा युडकिनसाहेबांची 9.1 टक्के निघाली आणि आपल्या याज्ञिकांची 21.2! म्हणजे आपल्याकडचा काटकुळा मनुष्यही आत गुपचूप लठ्ठ असू शकतो. दादा त्यांतला.

पंधरा वर्षे वहिनींनी त्याचे पथ्य सांभाळले. भात वाटीने मोजला, गोळ्या आठवड्याच्या डबीत भरून ठेवल्या, त्याच्यामुळे स्वतःही गोड सोडले. आणि पंधरा वर्षे त्या त्याला ओरडल्या. आम्हां भावंडांत तो थट्टेचा विषय होता. वहिनींचा आवाज फाटकापर्यंत येई आणि दादा वर्तमानपत्र जरा उंच धरी. आणखी एक गोष्ट थट्टेची झाली होती. दादाची चप्पल चालता चालता पायातून निसटून मागे राही आणि तो तसाच पुढे जाई. आम्ही म्हणत असू, दादा अगदी ऋषी झाला. तो विसराळूपणा नव्हता. त्याच्या पायाची संवेदना जात होती. अनेक वर्षांच्या साखरेने पायाच्या मज्जातंतूंचे असे होते, हे आमच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हते. पायाला बारीक टोचून ती पाहता येते, तपासणी दोन मिनिटांची आहे. तीही कोणी करून घेतली नव्हती.

2023च्या मे महिन्यात दादा-वहिनी देवदर्शनाला गेले. भर दुपार, वैशाखाचे ऊन, देवळाच्या आवारात काळ्या फरशा. वहिनी पाय पोळतात म्हणून सावलीला थांबल्या. दादाला काहीच पोळले नाही. त्याने शांतपणे अकरा प्रदक्षिणा घातल्या. रात्री मोजे काढताना त्याने पाहिले, तो डाव्या अंगठ्याखाली मोठा फोड आला होता.

त्याने ते कोणाला सांगितले नाही. दुखत नव्हतेच. त्याने कसले तरी मलम लावले, चिंधी बांधली आणि वर मोजे चढविले. सांगलीच्या मे महिन्यात घरात मोजे घालून बसलेला मनुष्य पाहूनही कोणाला शंका आली नाही. 'पाय गार पडतात' असे त्याने सांगून ठेवले होते. नवव्या दिवशी ताप भरला, तेव्हा मोजे निघाले. इस्पितळात नेले तोवर अंगठा काळा पडला होता. तो काढावा लागला. पाऊल वाचले, हे नशीब.

मी आणि ही दुसऱ्या दिवशी पोचलो. वहिनी खोलीबाहेरच्या बाकावर बसल्या होत्या. मी आत गेलो आणि जे विचारू नये तेच पहिल्याप्रथम विचारले: "दादा, अरे, सांगितलं का नाहीस?"

तो छताकडे पाहत होता. म्हणाला, "ती ओरडली असती रे."

दार उघडे होते. वहिनींनी ते ऐकले. त्या काही बोलल्या नाहीत. मांडीवरची पिशवी उगीच उघडून पुन्हा बंद केली. मला त्या क्षणी दादाचा राग आला, मग आम्हां सगळ्यांचाच आला. पंधरा वर्षे त्या बाईच्या एकटीच्या अंगावर हे काम आम्ही टाकले होते, आणि ओरडण्यावाचून दुसरे हत्यार कोणी तिच्या हाती दिले नव्हते. आणि दादा भोळा खरा, पण त्याला बायकोच्या ओरडण्याचे भय वाटले आणि पायाच्या जखमेचे वाटले नाही.

माझ्या व्यवसायामुळे मला जुन्या ग्रंथांत डोकावण्याची खोड आहे. सुश्रुतसंहितेत चिकित्सास्थानाच्या अकराव्या अध्यायात प्रमेहाच्या रोग्याला चालावयास सांगितले आहे. जो निर्धन आहे, किंवा ज्याला कोणी बांधव नाहीत, त्याने वहाणा आणि छत्री न घेता, भिक्षा मागून खात, एका गावी एकच रात्र राहून, मुनीसारखे मन आवरून शंभर योजने किंवा त्याहून अधिक चालत जावे. चालण्याचा उपाय दोन हजार वर्षांनी अजूनही पहिल्या ओळीतलाच आहे. वहाणांपुरते मात्र आजचे वैद्यक बरोबर उलट सांगते: मधुमेह्याने अनवाणी पाऊल टाकू नये, घरातसुद्धा. परंतु मला त्या वचनात अडला तो शब्द 'अबांधव'. बांधव नसलेल्याला सुश्रुताने वेगळे पथ्य सांगितले, याचा अर्थ बांधव असलेल्याचे पथ्य घरी, बांधवांच्या मदतीने व्हावयाचे, हे त्याने गृहीत धरले असावे. हा माझा तर्क, वैद्यांनी हसावे. दादाला बायको होती, भाऊ होते, भरलेले घर होते. आणि नऊ दिवस तो मोज्यात पाय लपवून अबांधव होऊन बसला होता.

परतीच्या गाडीत पुणे सुटले तेव्हा मी हिला पेढ्यांविषयी सांगावयास सुरुवात केली. जिलबी, वडे, दोन दिवसांचा तो उपास, सगळे. कल्याण आले तरी यादी संपली नव्हती. ही खिडकीबाहेर पाहत होती. ओरडली नाही. बऱ्याच वेळाने म्हणाली, "मलाही एकदा तपासून घ्यायचंय. दोन वर्षं झाली, तुमच्या फायली सांभाळतेय, पण माझं रक्त कोणी बघितलंच नाही."

ते पाहिले, तेव्हा 6.1 निघाले. 5.7च्या पुढे उंबरठा आणि 6.5ला घर. म्हणजे ही उंबरठ्यावर उभी होती आणि मी तिलाच पहारेकरी नेमले होते.

मग आमच्या घरी तह झाला. त्याचे मुख्य कलम एकच: खरे सांगणाऱ्याला कोणी बोलावयाचे नाही. वडा खाल्ला तर 'वडा खाल्ला' असे सांगावयाचे, ऐकणाऱ्याने 'बरं' म्हणावयाचे, आणि रात्री सर्वांनी तलावपाळीला एक फेरी जास्त मारावयाची. दुसरे असे ठरले की रोग्याचा वेगळा स्वयंपाक बंद. यापूर्वी ताटांची फाळणी झाली होती. एका बाजूला बटाट्याची भाजी, दुसऱ्या बाजूला माझे दुधीचे दुःख. आता सर्वांना एकच. ताटात आधी कोशिंबीर आणि उसळ वाढायची, मग भाकरी, आणि भात शेवटी, एक लहान वाटी. पालेभाजी-कडधान्ये आधी पोटात गेली की मागून आलेल्या भाताची साखर रक्तात सावकाश चढते, हे मी पुढे यंत्रावर स्वतः मोजून पाहिले आहे. चिरंजीवांनी पहिले आठ दिवस असहकार पुकारला. नंतर मटकीच्या उसळीवरून बहिणीशी भांडू लागले.

या तहात कन्येने एक बारीक वाक्य घातले. मी कौतुकाने कोणाला तरी फोनवर सांगत होतो की, कुटुंबाचा आधार फार महत्त्वाचा. फोन ठेवल्यावर ती म्हणाली, "बाबा, कुटुंब म्हणजे आईच ना?" मला उत्तर सुचले नाही. दुसऱ्या दिवसापासून कोशिंबीर माझ्याकडे आली. काकडी चोचवण्यातले शास्त्र पन्नाशी जवळ आल्यावर शिकण्यात कमीपणा नाही. बोट दोनदा कापले; तेव्हा कोणी ओरडले नाही, तह पाळला गेला.

राहता राहिले सकाळचे चालणे. येथे आमचे गणिताचे सर उपयोगी पडले. हे गृहस्थ आमच्या पलीकडच्या गल्लीत राहतात आणि फारसे बोलत नाहीत. स्टाफरूममध्ये मी एकदा उगाच म्हणालो की, सकाळी जाग येते पण उठवत नाही. दुसऱ्या दिवशी पावणेसहाला ते फाटकाशी उभे. हाक नाही, घंटी नाही. मी गच्चीतून पाहिले, ते नुसते उभे होते. एखादा मनुष्य आपल्यासाठी अंधारात उभा आहे, हे ठाऊक असताना पुन्हा पांघरुणात शिरणे मला जमेना. गेली दोन वर्षे ते उभे आहेत. पावसात छत्री घेऊन उभे असतात. मासुंदा तलावाला फेऱ्या घालताना आम्ही तासाला सरासरी चार वाक्ये बोलतो, त्यांतली तीन माझी. स्टाफरूमच्या वाढदिवसांना पेढ्यांऐवजी भाजलेले शेंगदाणे आणि पेरू आणावयाची प्रथाही त्यांनीच, स्वतःच्या वाढदिवसाला, एक अक्षर न बोलता पाडली. दोघे-तिघे कुरकुरले. आता पेरूला तिखटमीठ कोणी आणावयाचे यावर वाद होतो.

एके संध्याकाळी मात्र साखरेने दुसरे तोंड दाखविले. त्या दिवशी चालणे जास्त झाले होते, जेवण राहिले होते, आणि स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडावयास लावणारी गोळी मात्र मी शिस्तीत घेतली होती. घरात शिरताच दरदरून घाम फुटला, हात कापू लागले. चिरंजीवांनी काही तरी विचारले त्यावर मी भलतेच उत्तर दिले, म्हणतात. हिने यंत्र लावले: 58. सत्तरच्या खाली गेली की थांबावयाचे नसते. जिने दोन वर्षे माझ्यापासून साखरेचा डबा लपविला, तिनेच तो खाली ओढला, तीन चमचे साखर पाण्यात ढवळली आणि माझी मान धरून पाजली. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजली, 84. तेव्हा ती माझ्या शेजारी जमिनीवरच बसली आणि पहिल्यांदा रडली. त्या महिन्यात बाईंनी ती गोळी निम्मी केली. वजन उतरू लागले की औषधाचा हिशेबही बदलावा लागतो. तेव्हापासून गणिताच्या सरांच्या खिशात ग्लुकोजची पुडी असते. मला हे चार महिन्यांनी कळले, तेही ती त्यांच्या रुमालाबरोबर बाहेर पडली म्हणून.

हल्ली माझे वजन 78 आहे आणि शेवटचा चित्रगुप्ताचा आकडा 6.8. हिचा 5.6. मधल्या एका गणपतीत माझा 7.5 झाला होता. मोदकांची संख्या मी घरी खरी सांगितली, आणि 'बरं' एवढेच ऐकले. ओळखीचे लोक मात्र रस्त्यात अडवून विचारतात, "काय हो सर, तब्येत उतरली? बरं आहे ना?"

गेल्या दिवाळीला दादा-वहिनी आमच्याकडे ठाण्यास आले होते. रोज रात्री झोपण्यापूर्वी दादा पाय वर करून बसतो आणि वहिनी तळव्याखाली लहान आरसा धरतात. भेगा, फोड, लाली पाहतात. आता तो रिवाज आमच्या घरीही आला. चिरंजीव विजेरी धरतात. दादाचे पाहून झाले की माझे. वहिनी त्या वेळी काही बोलत नाहीत. फार तर "कोरडी पडलीय टाच, तेल लावा" एवढेच.

नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नान झाले. आईने तुळशीपाशी कारीट ठेवले. आमच्याकडे ते डाव्या पायाच्या अंगठ्याने फोडतात आणि मग रसाचे बोट जिभेला लावतात. मी फोडले, मुलांनी फोडले. दादाची पाळी आली आणि एकदम सगळ्यांच्याच लक्षात आले. कोणी काही बोलेना. दादा हसून म्हणाला, "मी आपला बघतो, तुम्ही चालू द्या."

आई पाटावरून उठली. तिने स्वतः जाऊन दादाची चप्पल आणली, ती पट्ट्यांची, मऊ तळाची. देवापुढे, तुळशीपुढे पायताण घातलेले या बाईने आयुष्यात खपवून घेतलेले नाही. तिने ती दादाच्या पायाशी ठेवली. "घाल," ती म्हणाली, "अनवाणी उभा राहू नकोस. टाचेनं फोड. मी धरते."

ऐंशीच्या पुढची आई आणि साठीच्या पुढचा मुलगा एकमेकांना धरून उभे राहिले. कारीट दोनदा घरंगळले. तिसऱ्यांदा फुटले. आईने बोट बुडवून दादाच्या जिभेला लावले, मग माझ्या. ते कडूजहर असते.

मग फराळ झाला. चिवडा, चकली, आणि ताटात मधोमध एक बेसनाचा लाडू. आईने त्याचे सुरीने चार भाग केले. एक दादाला, एक मला, एक हिला. चौथा उरला. दादाने तो पाहिला आणि वहिनींकडे पाहिले.

"हाही हवाय मला," तो म्हणाला.

वहिनी म्हणाल्या, "बरं." आणि चपला शोधू लागल्या. खाली फाटकाशी गणिताचे सर उभे होते.